आरोग्यशिक्षकाची घडण आणि सार्वजनिक आरोग्याचे विद्यापीठीय शिक्षण : रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

रत्नागिरी येथे २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. चिपळूण तालुक्यातील डेरवण येथे त्यापूर्वीच वालावलकर रुग्णालयाच्या जोडीने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले होते. एकेकाळी वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबई, पुणे वा मिरज गाठावे लागणाऱ्या या जिल्ह्यात डॉक्टर घडविण्याची सोय झाली, ही निश्चितच समाधानाची बाब होय. मात्र रोग होऊ नये म्हणून लोकांमध्ये राहून काम करणारा आरोग्यशिक्षक कोठे घडतो, त्याला कोणते शास्त्र शिकावे लागते, आणि वैद्यकीय शाखेत न गेलेल्या पदवीधरास हा मार्ग खुला आहे काय, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. जिल्ह्यातील मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून दरवर्षी कला, वाणिज्य व विज्ञान शाखांचे विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांतील अनेकांना सार्वजनिक आरोग्य हा विद्यापीठात शिकण्याचा स्वतंत्र विषय आहे याचीच कल्पना नसते. प्रस्तुत लेखात या विषयाचे स्वरूप रत्नागिरी जिल्ह्यातील आरोग्यप्रश्नांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

आरोग्यशिक्षण : संकल्पना

वैद्यकशास्त्राचा विषय रुग्ण हा असतो. सार्वजनिक आरोग्यशास्त्राचा विषय लोकसमूह असतो. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे प्राध्यापक विन्स्लो यांनी १९२० साली सार्वजनिक आरोग्याची जी व्याख्या केली, तिच्यात रोगप्रतिबंध व आयुष्यवृद्धी ही उद्दिष्टे समाजाच्या संघटित प्रयत्नांशी जोडलेली होती आणि व्यक्तीला आरोग्याचे शिक्षण देणे हा त्या प्रयत्नांचा एक घटक मानला होता. म्हणजेच आरोग्यशिक्षण ही आरोग्यसेवेला मागाहून लावलेली पुरवणी नव्हे, ते या शास्त्राच्या मूळ मांडणीतच आहे.

आपल्याकडे आरोग्यशिक्षण आणि आरोग्यप्रचार यांत बहुधा गल्लत होते. भिंतीवर घोषवाक्य रंगविणे, पत्रके वाटणे, ध्वनिक्षेपक लावलेली गाडी गावातून फिरविणे हा प्रचार झाला. त्याचे महत्त्व नाकारता येत नाही. परंतु माहिती मिळाली म्हणजे वर्तन बदलले असे होत नाही. तंबाखूने कर्करोग होतो हे ठाऊक असलेला मनुष्य तंबाखू खातच असतो. माहिती आणि वर्तन यांमधील हे अंतर का पडते आणि ते कसे कमी करता येईल, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे आरोग्यशिक्षणशास्त्र. १९८६ च्या ओटावा सनदेने तर याही पुढे जाऊन, आरोग्यदायी निवड लोकांना शक्य व्हावी अशी परिस्थिती निर्माण करण्याची जबाबदारी धोरणकर्त्यांवर टाकली. शौचालयात पाणीच नसेल तर हात धुण्याचा उपदेश पोकळ ठरतो, हे त्यामागचे साधे तत्त्व आहे.

एक पूर्वसूरी : रघुनाथ धोंडो कर्वे

आरोग्यशिक्षकाचा शोध घेताना रत्नागिरी जिल्ह्याला दूर जावे लागत नाही. दापोली तालुक्यातील मुरुड येथे १८८२ साली जन्मलेले रघुनाथ धोंडो कर्वे हे व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही याच वर्षी. या कार्यापायी कर्व्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, ते नेटाने काढले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली, तरीही निकाल विरोधात गेला.

कर्व्यांकडे सार्वजनिक आरोग्याची पदवी नव्हती.  तरीही लोकांच्या संकोचाचा विषय शास्त्रीय भाषेत आणि स्पष्टपणे मांडणे, विरोध सहन करणे, प्रश्नांना नियमित उत्तरे देणे हे आरोग्यशिक्षकाचे गुण त्यांच्या ठायी होते. त्यांच्या कार्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. मासिक हे साक्षर व मराठी वाचणाऱ्या वर्गाचे साधन होते. ज्या कष्टकरी स्त्रियांना त्या माहितीची निकड सर्वाधिक, त्यांच्यापर्यंत छापील शब्द पोहोचणे कठीण होते. साधन कोणते निवडावे, ते कोणापर्यंत पोहोचते आणि कोण वगळले जाते, ही तपासणी आज विद्यापीठात आरोग्यसंवाद या विषयाचा भाग म्हणून शिकविली जाते. कर्व्यांच्या एकाकी धडपडीकडे पाहिले की या प्रशिक्षणाचे मोल अधिक कळते.

अभ्यासक्रमाचे स्वरूप :

सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी, जिला सर्वत्र एम.पी.एच. या संक्षेपाने ओळखले जाते, ती साधारणतः दोन वर्षांची असते. साथरोगशास्त्र, जीवसांख्यिकी, पर्यावरण व आरोग्य, आरोग्यव्यवस्थापन, सामाजिक व वर्तनशास्त्र, पोषण, संशोधनपद्धती हे विषय थोड्याफार फरकाने सर्वत्र आढळतात. क्षेत्रकार्य आणि लघुप्रबंध यांना मोठे स्थान असते.

विद्यार्थ्यांना धास्ती वाटते ती सांख्यिकीची. वास्तविक या विषयाचे मर्म आकडेमोडीत नाही. ‘किती पैकी किती’ हा प्रश्न विचारण्याची सवय लागणे, हेच ते मर्म. रत्नागिरीचेच उदाहरण घ्यावे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली, म्हणजे घटली. दर हजार पुरुषांमागे ११०० हून अधिक स्त्रिया या जिल्ह्यात आहेत. कारण उघड आहे : कर्ता पुरुष मुंबईला, घरी वृद्ध आणि स्त्रिया. अशा जिल्ह्यात वृद्धांचे प्रमाण अधिक असल्याने केवळ कच्चा मृत्युदर पाहिल्यास येथील आरोग्यस्थिती प्रत्यक्षाहून वाईट भासू शकते. तरुण लोकसंख्येच्या जिल्ह्याशी तुलना करायची तर वयरचनेचा फरक काढून टाकावा लागतो. त्यासाठी वयप्रमाणित दर काढतात. गणेशोत्सवात आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतात तेव्हा तर भाजकच बदलतो. भाद्रपदात तापाचे रुग्ण वाढले, तर रोग वाढला की माणसे वाढली, हे आधी पाहावे लागते. ज्याला हा विचार करता येतो तो उगाच घबराट पसरवीत नाही, आणि खरा धोका आला तर तो वेळीच ओळखतो.

वर्तनशास्त्राच्या अभ्यासात ‘आरोग्य-श्रद्धा प्रतिमान’ प्रारंभीच शिकविले जाते. त्याचा उगम १९५० च्या दशकातील अमेरिकेत आहे. क्षयरोगासाठी छातीची क्ष-किरण तपासणी मोफत उपलब्ध असूनही लोक येईनात, तेव्हा तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेतील हॉकबॉम, रोझेनस्टॉक आदी मानसशास्त्रज्ञांनी त्याची कारणे शोधली. त्यांच्या मांडणीनुसार मनुष्य आपल्या मनाशी काही हिशेब करतो : हा रोग मला होऊ शकतो काय, झाला तर तो कितपत गंभीर, सांगितलेल्या उपायाचा उपयोग किती आणि त्यात अडचणी कोणत्या. शेवटी कृतीला प्रवृत्त करणारे एखादे निमित्तही लागते. अडचणींचे पारडे जड झाले की उपाय ठाऊक असूनही केला जात नाही. हे प्रतिमान परिपूर्ण नाही, त्यावर टीकाही झाली आहे. व्यक्तीच्या मनावर ते इतके लक्ष केंद्रित करते की दारिद्र्य आणि जात यांसारख्या गोष्टी नजरेआड होतात. तथापि ‘लोक अडाणी आहेत, ऐकत नाहीत’ या सोयीच्या निष्कर्षापासून आरोग्यशिक्षकाला परावृत्त करण्याचे काम ते उत्तम प्रकारे करते.

लावणी, विहीर आणि फुरसे :

हे शास्त्र प्रत्यक्षात कसे उपयोगी पडते हे पाहण्यासाठी कोकणातील तीन परिचित प्रश्न घेता येतील.

पहिला लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात व चिखलात येतात आणि त्वचेवरील जखमा, भेगा किंवा डोळे-नाक-तोंडाच्या अंतस्त्वचेतून शरीरात शिरतात. ताप, तीव्र अंगदुखी, लाल डोळे अशी सुरुवात होऊन काही रुग्णांत कावीळ, मूत्रपिंडे निकामी होणे, फुप्फुसांत रक्तस्राव असे प्राणघातक वळण लागते. प्रारंभीच प्रतिजैविके मिळाल्यास रुग्ण बहुधा बरा होतो. पावसाळ्यात भातलावणीचा हंगाम हा या रोगाच्या धोक्याचा काळ होय. पत्रकांतून सांगितले जाते : गमबूट घाला. परंतु गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या स्त्रीचा गमबूट चिखलात रुततो, आत पाणी शिरते, पाऊल उचलत नाही. ती तो काढून बांधावर ठेवते. येथे अज्ञान नाही. उपायच कामाशी विसंगत आहे. प्रशिक्षित आरोग्यशिक्षक अशा वेळी लावणी करणाऱ्या बायकांबरोबर बसून शक्य त्या गोष्टी शोधतो : पायाच्या भेगा व जखमा झाकणे, शेतातून आल्यावर स्वच्छ पाण्याने व साबणाने पाय धुणे, धोक्याच्या काळात आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लीन घेणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लावणीच्या दिवसांत ताप अंगावर न काढणे. शेवटची गोष्ट सांगायला सोपी, करायला कठीण. कारण हंगामात एक दिवस बुडणे म्हणजे मजुरी आणि मोल दोन्ही बुडणे. तेव्हा तपासणी शेताजवळ, सायंकाळी कशी होईल हा प्रश्न आरोग्य केंद्रापुढे मांडणे हेही आरोग्यशिक्षकाचेच काम ठरते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले, त्यानंतर घराघरांतील चिखल उपसणाऱ्यांपुढे हाच धोका उभा होता. तेथे ना शेत होते ना लावणी. शहरातील दुकानदाराला ‘शेतकऱ्यांचा रोग’ आपलाही होऊ शकतो हे पटविणे, म्हणजे वर सांगितलेल्या हिशेबातील पहिला प्रश्न हाताळणे, हे त्या वेळचे खरे आव्हान.

दुसरा प्रश्न पाण्याचा. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये काही वाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते, हा विरोधाभास सर्वपरिचित आहे. पाऊस सुरू झाला की विहिरी गढुळतात. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टी.सी.एल. पावडर टाकतो, ओ.टी. चाचणी करतो. नोंदवहीत सर्व काही ठीक असते. पण पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून काही घरे पिण्याचे पाणी पऱ्याचे आणू लागतात, आणि सुरक्षित केलेले पाणी भांडी घासायला जाते. कोणत्या वेळी पावडर टाकावी, पाणी किती वेळाने भरावे, वास कशामुळे येतो आणि तो सुरक्षिततेची खूण कसा, हे पाणी भरणाऱ्या व्यक्तीशी बोलल्याखेरीज सुटणारे नाही. ती व्यक्ती ग्रामसभेला हजर नसते, हे वेगळे सांगावयास नको.

तिसरा प्रश्न विषारी दंशाचा. फुरसे हा आकाराने लहान परंतु घातक साप रत्नागिरीच्या कातळावर व दगडगोट्यांत सर्रास आढळतो. गवत कापताना, लाकूडफाटा गोळा करताना, दगड उचलताना दंश होतो. विषामुळे रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. विष उतरविणाऱ्याकडे जाण्यात, जखमेवर चिरा देण्यात, घट्ट दोरी आवळण्यात मोलाचा वेळ जातो. येथे शेजारच्या रायगड जिल्ह्यातील एक कार्य आवर्जून उल्लेखिले पाहिजे. महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग १९८६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगापुढे मांडला. मृत्यूचे प्रमाण त्यामुळे फार मोठ्या प्रमाणावर घटले. परंतु औषध सापडले तरी रुग्ण वेळेत आला पाहिजे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टराला ते ठाऊक असले पाहिजे. शोधाचा उरलेला अर्धा भाग हा शिक्षणाचा असतो. भगतावर विश्वास ठेवणाऱ्या कुटुंबाची टिंगल करून तो साध्य होत नाही; उलट भगतालाच ‘आधी गाडी बोलवा’ असे सांगण्यास राजी करणे अधिक फलदायी ठरू शकते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. वाडीपर्यंत रस्ता नसेल तर रुग्णाला डोलीतून कोठवर आणावयाचे, हे मात्र आधीच ठरलेले असावे लागते.

भाषा आणि श्रोता :

वरील प्रत्येक उदाहरणात श्रोता कोण, हा प्रश्न दडलेला आहे. रत्नागिरी जिल्ह्याची भाषिक स्थिती वरवर दिसते तितकी एकजिनसी नाही. खाडीकाठच्या मुस्लिम वस्तीतील कोकणी बोली वेगळी, कुणबी वाडीतील वेगळी. मिरकरवाडा बंदरातील नौकांवर आणि आंब्याच्या बागांतून नेपाळी कामगार मोठ्या संख्येने असतात. त्यांना प्रमाण मराठीतील पत्रक निरुपयोगी. प्रशासनाची मराठी तर गावकऱ्यालाही परकी वाटते. ‘डास उत्पत्तिस्थाने नष्ट करा’ या वाक्याने एकही पिंप रिकामे झाले असेल काय, याची शंका येते. नमन आणि जाखडी या येथील लोककला संदेशवहनासाठी वापरता येतात, मात्र सोंगाच्या तोंडी सरकारी परिपत्रक घातले तर कला व संदेश दोन्ही वाया जातात.

मानसिक आरोग्याच्या बाबतीत भाषेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ सालचे. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. ज्या संस्थेने पिढ्यान्‌पिढ्या रुग्णांची सेवा केली, तिचेच नाव थट्टेत घेतले जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णांचे हक्क मान्य केले, २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही दूरध्वनी सेवा मिळू लागली. तरी घरातील उदास व्यक्तीला ‘तिकडे’ नेण्याची लाज कायद्याने जात नाही.

शिक्षणाच्या सोयी :

भारतात या शिक्षणाचा पाया कोलकात्याच्या अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेने घातला. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने ती १९३२ साली स्थापन झाली. आरोग्यशिक्षणाचा स्वतंत्र पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही तेथे विकसित झाला. पुढे १९५६ मध्ये दिल्लीत केंद्रीय आरोग्य शिक्षण विभाग सुरू झाला. तामिळनाडूतील गांधीग्राम येथील संस्था व मुंबईतील कुटुंब कल्याण प्रशिक्षण व संशोधन केंद्र यांनी आरोग्यशिक्षणाची पदविका चालविली. वैद्यकीय पदवी नसलेल्यांनाही सार्वजनिक आरोग्य शिकता यावे या दृष्टीने तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९७ साली सुरू झालेला एम.पी.एच. अभ्यासक्रम महत्त्वाचा टप्पा ठरला. महाराष्ट्रात मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ही या क्षेत्रातील परिचित नावे होत. प्रवेशाच्या अटी संस्थेनुसार भिन्न असतात. काही ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते, तर काही ठिकाणी आरोग्यविषयक पदवी आवश्यक असते. समाजशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल, सूक्ष्मजीवशास्त्र या विषयांचा पदवीधर येथे पाहुणा ठरत नाही.

या पदवीने काय साधता येते याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी वैद्यकीय शिक्षणानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’चे काम सुरू केले. गावातीलच स्त्रियांना नवजात बालकांच्या देखभालीचे प्रशिक्षण देऊन नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांनी १९९९ साली शास्त्रीय पुराव्यानिशी दाखविले. पुढे याच पद्धतीचा स्वीकार देशभर आशा कार्यकर्तींच्या कामात झाला. त्याही आधी, १९७० पासून, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडमध्ये ग्राम आरोग्य सेविका घडविल्या होत्या. दोन्ही ठिकाणी डॉक्टरांनी आपले ज्ञान डॉक्टर नसलेल्यांच्या हाती दिले, ही गोष्ट विशेष नोंदण्याजोगी.

पदवीनंतरचा प्रश्न :

येथे विषयाची अवघड बाजू येते. घरोघर जाऊन आरोग्यशिक्षणाचे प्रत्यक्ष काम आज आशा कार्यकर्ती, आरोग्य सेविका व आरोग्य सेवक करतात. आशांना वेतन नसून कामागणिक मोबदला मिळतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील बहुसंख्य पदे कंत्राटी आहेत. १९६० च्या दशकात कुटुंब नियोजन कार्यक्रमाच्या निमित्ताने तालुका पातळीवर विस्तार शिक्षकाची पदे आली. परंतु लक्ष्यपूर्तीच्या धावपळीत शिक्षकाचा हिशेबनीस झाला. दोन वर्षे खर्चून पदवी घेतलेल्या रत्नागिरीच्या तरुणीला जिल्ह्यातच स्थिर नोकरी मिळेल अशी हमी आज देता येत नाही. स्वयंसेवी संस्था, संशोधन प्रकल्प, रुग्णालयांतील समुपदेशन ही क्षेत्रे आहेत, पण ती प्रायः मुंबई-पुण्यात. म्हणजे रोग गावात आणि आरोग्यशिक्षक शहरात, अशी स्थिती होते. हे विद्यार्थ्यांपासून लपवून अभ्यासक्रमाची भलामण करणे योग्य नव्हे.

मान्यतेच्या दृष्टीने मात्र एक बदल झाला आहे. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय राष्ट्रीय आयोग कायद्याच्या अनुसूचीत आरोग्यशिक्षक व समुपदेशक यांचा समावेश आहे. अमेरिकेत आरोग्यशिक्षकांना प्रमाणित करणारा स्वतंत्र आयोग १९८८ पासून काम करतो; आपल्याकडे हे पाऊल त्या मानाने उशिरा पडले. अनुसूचीतील नोंदीचे रूपांतर जिल्हा परिषदेच्या आकृतिबंधातील पदात होते काय, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील.

या संदर्भात जिल्ह्यातीलच एक तुलना उद्बोधक आहे. दापोली येथे १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथे कृषिविद्या, उद्यानविद्या यांच्या बरोबरीने विस्तार शिक्षण हा स्वतंत्र विभाग आहे. भाताचे नवे वाण निर्माण करणे हे जसे शास्त्र, तसे ते शेतकऱ्याने का स्वीकारले वा नाकारले हे अभ्यासणे हेही शास्त्र, असे कृषिक्षेत्राने पूर्वीच मान्य केले. त्यात पदवी मिळते, संशोधन होते, पदे निर्माण होतात. त्याच शेतकऱ्याच्या शरीराबाबत मात्र ‘समजावून सांगणे’ हे कोणीही, फावल्या वेळात करावयाचे काम मानले जाते. जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालयांचे जनऔषधवैद्यकशास्त्र विभाग, दापोलीचा विस्तार शिक्षणाचा अनुभव आणि कला शाखेचे समाजशास्त्र व मानसशास्त्र विभाग यांनी मिळून एखादा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आखणे अशक्य नाही. त्यासाठी नवी इमारत नको. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे गावोगाव होतच असतात; त्यांतील एका शिबिरात रस्ता झाडण्याऐवजी एका वाडीतील पाणी भरण्याच्या वेळा, विहिरी आणि तापाचे रुग्ण यांची नोंद केली, तर क्षेत्रकार्याचा पहिला धडा त्याच विद्यार्थ्यांना पदवीच्या दुसऱ्या वर्षीच मिळू शकतो.